कापूस शास्त्रज्ञांना खुले पत्र : नवे जनुक आणा, पण आधी सरळ वाणात

प्रति,
माननीय संचालक व शास्त्रज्ञ, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर;
माननीय कुलगुरू, संशोधन संचालक व कापूस पैदासकार,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला;
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी;
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी

यांस सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कापूस पिकवते. कृषी पदवीचे शिक्षण घेऊन गावी परतले, त्यामुळे तुमच्या शिफारशी वाचते आणि त्यातल्या जमतील तेवढ्या वावरात उतरवते. आमच्याकडून तुम्हाला एरवी जाते ते गाऱ्हाणे पंचनाम्याचे, नाहीतर "आता काय फवारू" असा फोन. आज मात्र तुमच्या कामाच्या दिशेबद्दल लिहायचे आहे.

मागणी आधीच सांगते. कमी कालावधीचे, दाट लागवडीला चालणारे सरळ वाण (संकर नसलेले, ज्यांचे बी घरी राखून पुन्हा पेरता येते) आम्हाला हवेत, आणि त्यांचे बी पेरणीच्या आधी, पुरेशा प्रमाणात, तालुक्याला मिळायला हवे. आणि यापुढे कापसात जे कोणते नवे जनुक येईल, ते आधी सरळ वाणात यावे. संकरित वाणातच येणार असेल, तर मागच्या वीस-बावीस वर्षांत जे झाले तेच पुन्हा होईल. असे मला का वाटते, ते पुढे सविस्तर लिहिते.

गुलाबी बोंडअळी आहे का हे पाहायला दसऱ्याच्या सुमारास वावरात आडवेतिडवे फिरून वीस हिरवी बोंडे तोडायची आणि बांधावर बसून एकेक फोडून पाहायचे, ही तुमचीच शिफारस. बोंड बाहेरून टवटवीत असते. अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात आत शिरते आणि तिने पाडलेले सुईच्या टोकाएवढे भोक बोंड वाढताना बुजून जाते. फोडले की आतल्या सालीवर बारीक उंचवटे दिसतात, एका कप्प्यातली रुई पिवळी पडलेली असते, सरकी पोखरलेली असते आणि त्या सरकीतच तपकिरी डोक्याची, अंगावर गुलाबी पट्टे असलेली अळी बसलेली असते. असे बोंड नीट उमलत नाही. उमललेच तर कवडी, म्हणजे डागाळलेला कडक कापूस निघतो, आणि कवडी वेगळी वेचली तरी मजुरी तीच लागते. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली की नुकसानीची पातळी ओलांडली, असे तुम्ही सांगता. पण त्या दिवशी फवारलेले औषध बोंडाच्या सालीवर पडते आणि अळी सालीच्या आत असते. हे दर हंगामात डोळ्यांनी दिसते, तरी माणूस फवारतो, कारण हातात दुसरे काही नसते.

२०१७ च्या हंगामात माझ्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दाटली होती, आणि माणसे तिच्यात शिरून फवारत होती. बोंडअळीचा प्रश्न आमच्यासाठी क्विंटलपुरता राहिलेला नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

ही अळी इथली जुनीच. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली झाले, तेही भारतातल्याच नमुन्यांवरून. तिला कापसाशिवाय फारसे काही चालत नाही, आणि तिच्याशी लढताना हीच बाजू आपल्या फायद्याची आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी शंभर पिकांवर जगते. गुलाबी अळीला हिरवे बोंड मिळाले नाही तर तिची पिढी तिथेच तुटते. हंगामात साधारण महिना-सव्वा महिन्याला तिची एक पिढी होते. पहिल्या बोंडांत ती थोडी असते. मग संख्या वाढत जाते आणि डिसेंबरात वावरात शिल्लक राहिलेल्या प्रत्येक हिरव्या बोंडावर तिचा हक्क असतो. थंडी वाढली की शेवटच्या पिढीतल्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्त पडून राहतात. काही पऱ्हाटीच्या ढिगात राहतात, काही जिनिंगच्या आवारात. पुढच्या जून-जुलैत पतंग होऊन त्या परत येतात आणि पहिल्या फुलांच्या डोमकळ्या, म्हणजे न उमलणाऱ्या मिटलेल्या कळ्या, करून टाकतात.

म्हणजे जूनच्या उत्तरार्धात पेरलेला कापूस नोव्हेंबरअखेर घरात आला, तर अळीच्या शेवटच्या एक-दोन पिढ्यांना खायलाच उरत नाही. हे तुमच्या प्रत्येक घडीपत्रिकेत छापलेले आहे. फरदड (हंगाम संपल्यावर पाणी देऊन घेतलेला पुढचा बहर) घेऊ नका, पऱ्हाटी डिसेंबरात उपटा, जनावरे चारा, काड्या रचून ठेवू नका. सल्ला सोळा आणे खरा. पण जे वाण आमच्या हातात दिले जाते ते १६० दिवसांच्या पुढचे, पुन्हा पुन्हा बहर घेणारे, पाणी मिळाले की फेब्रुवारीपर्यंत हिरवे राहणारे. त्यात पहिल्या बहराची पाती, म्हणजे कळ्या, सप्टेंबरच्या पावसात गळाली, की दुसऱ्या बहराची वाट पाहण्यावाचून शेतकऱ्यापुढे काय राहते? दीडशे दिवसांत एकदम पिकून मोकळे होणारे वाण आम्हाला द्या, मग फरदड कुणाला नको म्हणून सांगावे लागणार नाही.

आता संकराकडे येते. १९७० साली गुजरातेत सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' दिला. कापसातला तो जगातला पहिला व्यापारी संकर. त्याने देशाचा कापूस वाढवला आणि सिंचनाच्या भागात शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे कुणी नाकारत नाही. आमच्या नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ कोरडवाहूतही चालला. मला आक्षेप त्या शास्त्रज्ञांवर घ्यायचा नाही. आक्षेप आहे तो २००२ नंतरच्या निर्णयाला. बीटी जनुक (झाडातच अळीला मारणारे विष तयार करणारे, जीवाणूपासून घेतलेले जनुक) आले आणि भारतात ते जवळजवळ सगळेच्या सगळे संकरित वाणांत घातले गेले. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथला बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणांचा. एवढ्या प्रमाणात संकरित कापूस पिकवणारा देश जगात आपला एकटाच. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून विकणाऱ्याला ते सोयीचे. किडीशी लढायला मात्र ते सोयीचे आहे का, हा प्रश्न तेव्हा किती जणांनी विचारला?

तुम्ही यातले जाणकार आहात. तरी हे पत्र शेतकरीही वाचतील, म्हणून गणित मांडते. संकर करताना एका पालकात बीटी असते आणि दुसऱ्यात बहुधा नसते. त्यामुळे संकरित झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी तयार होते ती पुढची पिढी असते, आणि तिच्यात जनुके विभागली जातात. एकच जनुक असेल तर चारातल्या एका सरकीत विष नसते. २००६ पासूनच्या दोन जनुकांच्या वाणात सोळापैकी नऊ सरक्यांत दोन्ही विषे असतात, तीनांत फक्त पहिले, तीनांत फक्त दुसरे, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते काय, तर सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि बिनविषारी सरकी असे सगळे शेजारी-शेजारी मिळते. थोडे विष सोसू शकणारी अळी एक सरकी सोडून दुसऱ्या सरकीवर जगते, वाढते आणि तिचीच प्रजा पुढे जाते. विषाला सरावलेली अळी तयार करण्यासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था ठरवूनही उभी करता आली नसती. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळे बोंडातली प्रत्येक सरकी सारखी निघते.

पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या बीटीला गुलाबी अळी जुमानत नाही, हे २०१० मध्ये तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. गुजरातचे अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट हे ते जिल्हे. २०१५ पर्यंत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाल्याचे गुजरातेत स्पष्ट दिसू लागले. २०१७ ला विदर्भ-मराठवाडा होरपळला. २०२१ पासून पंजाब, हरियाणा, राजस्थानातही तीच अळी. नागपूरच्याच संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांच्यासोबत २०२० मध्ये वीस वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की आज भारतातला शेतकरी बीटी येण्याआधीपेक्षा कीटकनाशकांवर जास्त खर्च करतो. हे बाहेरच्या टीकाकाराचे म्हणणे नाही, तुमच्याच घरातले आहे.

आश्रय ओळींचा, म्हणजे विषाला न सरावलेली अळी टिकावी म्हणून लावायच्या नॉन-बीटी कापसाच्या ओळींचा विषय निघतोच, म्हणून सांगते. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी मिळायचे आणि ते वावराच्या कडेने लावणे अपेक्षित होते. बहुतेक ठिकाणी ते लावले गेले नाही. ते पाकीट कशासाठी, हे गावात येऊन सांगायला कुणी नव्हते. दुकानदारही "हे फेकून द्या" म्हणत असे. आता तेच बी मुख्य पाकिटात मिसळून येते. पण अळी दोन्ही विषांना सरावल्यानंतर आश्रयाचा उपयोग किती उरला, हे तुम्हीच आम्हाला सांगा.

आश्रय जिथे खरोखर उभा राहिला, तिथे काय झाले याची दोन उदाहरणे तुमच्याच विषयाच्या वाङ्मयात आहेत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी आश्रय पिके खरोखर लावली, त्यामुळे तिथे दशकभर अळी बीटीला बळी पडत राहिली. मग २००६ पासून कारखान्यात वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडायला सुरुवात झाली. काही वर्षांत अकराशे कोटींहून जास्त पतंग सोडले. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूस गुलाबी अळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांची कीड त्यांनी संपवली. दुसरे उदाहरण चीनच्या यांगत्से खोऱ्यातले. तिथे शेतकरी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरू लागले आणि वावरात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिनबीटी निघाली. सबंध झाड बिनबीटी असले तर त्यावरची अळी विषाच्या वाऱ्यालाही न जाता वाढते आणि आश्रयाचे काम होते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी असणे ही वेगळी गोष्ट आहे, हा फरक लक्षात घ्यावा. तिथे अळीचा प्रतिकार चक्क मागे हटला. चीनमध्ये हे ठरवून झाले नव्हते; ॲरिझोनात मात्र शास्त्रज्ञ, सरकार आणि शेतकरी यांनी अळीचे जीवशास्त्र आधी पाहिले आणि लागवडीची रचना त्यावरून ठरवली. आपल्याकडे बियाण्याची रचना बाजाराने ठरवली आणि जीवशास्त्र नंतर आठवले.

आता दाट लागवड. आमच्या भागात संकरित कापूस अजूनही बहुतेक ठिकाणी चार बाय दोन फुटांच्या आसपास लावतात. १२० बाय ६० सेंटिमीटर धरले तर हेक्टरी जेमतेम १४ हजार झाडे. तुमच्या शिफारशीतले ९० बाय १५ सेंटिमीटर धरले तर हेक्टरी ७४ हजार. झाडाला शंभर बोंडांची वाट पाहण्यापेक्षा पाचपट झाडांना प्रत्येकी आठ-दहा बोंडे लागली की पीक एकदम पिकते आणि दीडशे दिवसांत वावर मोकळे होते. उथळ आणि मध्यम जमिनीत तर हेच शहाणपणाचे, कारण ऑक्टोबरात ओल संपते आणि त्यानंतरच्या बहराला पोसायला जमिनीत काही उरत नाही. जगात हेक्टरी रुईची सरासरी आठशे किलोच्या जवळपास आहे, आपली साडेचारशेच्या आसपास घुटमळते, ब्राझील अठराशेच्या घरात आहे. ब्राझीलची मोठी शेते आणि यंत्रे आपल्याकडे नाहीत, हे मान्य. पण झाडांची संख्या वाढवायला यंत्र लागत नाही. बी लागते.

अडते ते इथेच. ९० बाय १५ वर एकराला जवळपास तीस हजार झाडे लागतात. संकरित बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल दर २०२५ साठी ९०१ रुपये होता. नेहमीच्या लागवडीला दोन पाकिटे पुरतात, दाट लागवडीला सहा लागतात. म्हणजे नुसत्या बियाण्याला एकरी सुमारे पाच हजार चारशे रुपये, तेही कोरडवाहू वावरात, जिथे पावसाने दगा दिला की दुबार पेरणी ठरलेली. संकरित बी महाग असणारच, कारण एकेका कळीचे पुंकेसर हाताने काढून, हाताने परागण करून ते तयार होते. सरळ वाणाच्या बियाण्याला हा खर्च नाही. एकदा विकत घेतले की पुढच्या वर्षी घरचे पेरता येते, आणि वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ ने हा अधिकार आम्हाला दिलेला आहे. दाट लागवडीचा आणि संकरित बियाण्याचा मेळ कागदावर बसतो, आमच्या खिशात बसत नाही. विशेष प्रकल्पात अनुदान मिळते तोवर शेतकरी लावतो. अनुदान थांबले की परत चार बाय दोन.

याचा अर्थ तुमच्याकडे सरळ वाण नाहीत असा नाही. उलट भरपूर आहेत. अकोल्याच्या देशी वाणांत एकेए-८ आहे, परभणीच्या लांब धाग्याच्या देशी वाणांची मालिका आहे. नागपूरच्या संस्थेने सूरज बीटी, रजत बीटी, पीकेव्ही ०८१ बीटी दिले. त्यांतले विष गुलाबी अळीला आता थांबवत नाही, हे खरे. पण अमेरिकन बोंडअळीला (हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच) ते आजही थांबवते, आणि गुलाबी अळीला चुकवण्याचे काम कालावधी करतो. २००९ मध्ये बिकानेरी नर्मा बीटी आला आणि त्यात दुसऱ्याच्या जनुकाची सरमिसळ निघाल्यामुळे मागे घ्यावा लागला, चौकशी झाली, २०१२ मध्ये समितीचा अहवाल आला. त्या प्रकरणाचा चटका सार्वजनिक संशोधनाला किती बसला असेल, याची कल्पना आहे. तरी त्यानंतर तुम्ही पुन्हा वाण उभे केलेत याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न पुढचा आहे: ते बी कुठे मिळते?

मागच्या उन्हाळ्यात मी सरळ वाणाच्या बियाण्यासाठी एका शासकीय विक्री केंद्रावर गेले. वाणाचे नाव सांगितले तर काउंटरवरच्या माणसाने यादी चाळली आणि "ते प्रात्यक्षिकापुरतेच येते ताई, संपले" म्हणून सांगितले. दुसरीकडे गेले तर म्हणाले, पैदासकार बियाण्याची मागणीच नोंदवली गेली नव्हती. मागणी कुणी नोंदवायची? शेतकऱ्याला ज्या वाणाचे नावच माहीत नाही, त्याची मागणी तो कशी करणार? पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी साखळी किमान दोन-तीन हंगामांची. म्हणजे २०२८ मध्ये मला बी हवे असेल तर कुणीतरी आज ठरवायला हवे. मागणी नाही म्हणून बी नाही आणि बी नाही म्हणून मागणी नाही, या फेऱ्यात तुमचे चांगले वाण कपाटात राहतात. दरम्यान गावोगाव बिनपरवान्याचे तणनाशक सहन करणारे 'चोर बीटी' कुठल्याही जाहिरातीशिवाय पोचते. त्याची ना उगवणीची हमी, ना पावती. तरी ते मे महिन्यात हजर असते.

सरळ वाणांच्या अडचणीही लिहिते, नाहीतर पत्र एकांगी होईल. सगळ्यात मोठी अडचण वेचणीची. संकरित वाणाचे बोंड पाच ग्रॅमच्या पुढचे असते, म्हणजे एक किलो कापसाला दोनशे बोंडे. साडेतीन ग्रॅमचे बोंड असेल तर किलोला २८६ बोंडे वेचावी लागतात. वेचणी किलोवर ठरते, आमच्याकडे दहा ते पंधरा रुपये. बाया शहाण्या आहेत. वावराच्या टोकाला उभे राहून एक बोंड हातात घेतात आणि "बारीक आहे, तीन रुपये जास्त द्या, नाहीतर पलीकडच्या वावरात जातो" असे तोंडावर सांगतात. त्यांचे काही चुकत नाही, त्यांची कंबर त्यांनाच सांभाळायची आहे. म्हणून पैदासकारांना विनंती आहे की वाण निवडताना बोंडाचे वजन आणि बोंड उघडण्याची ढब यांना रुईच्या टक्केवारीइतकेच महत्त्व द्या. कापूस बोंडातून एका ओढीत सुटतो की पाकळीला चिकटून राहतो, हे प्रयोगशाळेच्या तक्त्यात येत नाही. निवडीच्या वेळी चार वेचणाऱ्या बायांना प्रक्षेत्रावर बोलवा, दिवसभर वेचू द्या आणि त्यांचे मत नोंदवा. त्यांना मजुरी द्या, चहा द्या, आणि त्यांनी नाकारलेला वाण पुढे पाठवण्याआधी दहादा विचार करा.

दुसरी अडचण रसशोषक किडींची. तुडतुडे आणि पांढरी माशी यांना सोसणारा, लव असलेल्या पानाचा वाण हवा. तिसरी भारी जमिनीची. खोल काळ्या जमिनीत दाट लावले की पऱ्हाटी उंच जाते आणि वाढरोधक दोन-तीनदा मारावे लागते. तिथे दाट लागवड सरसकट सांगू नका. जमिनीप्रमाणे अंतर सांगा.

आता नव्या संशोधनाबद्दल. गुलाबी अळीला मारणाऱ्या नव्या जनुकांवर देशात काम चालू आहे, त्याच्या बातम्या आम्ही आशेने वाचतो. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाला कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे 'कमला' आणि 'पुसा डीएसटी १' हे असे दोन वाण जाहीर झाले. कापसातही झाडाची ठेवण, पिकण्याचा काळ आणि बोंडाचे वजन यांवर हे तंत्र चालू शकेल. केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले आहे, म्हणजे पैसाही येईल. मी या तंत्रांच्या विरोधात नाही. उलट आमच्याइतकी त्यांची गरज कुणाला नाही. २०१३-१४ मध्ये देशात ३९८ लाख गाठी कापूस झाला होता, २०२४-२५ मध्ये तो तीनशे लाखांच्या आत आला. गिरण्यांना कापूस कमी पडतो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरचे ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी उठवले गेले आणि त्याचा फटका आमच्या भावाला बसला. उत्पादन घटल्याची किंमत आम्ही दोनदा मोजतो, एकदा वावरात आणि एकदा बाजारात.

पण नवे जनुक कोणत्या शरीरात येणार, हे आधी ठरवा. ते पुन्हा एकेरी प्रतीने, दीर्घ मुदतीच्या, विरळ लावायच्या संकरात आले, तर अळीला सरावायला पुन्हा आठ-दहा वर्षे लागतील आणि तुमची पंधरा-वीस वर्षांची मेहनत त्यात जाईल. सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या जनुकाला तुम्ही अट घालू शकता: पहिला परवाना सरळ वाणाला, जनुकाच्या दोन्ही प्रतींसह, १५० दिवसांच्या आत पिकणाऱ्या वाणात. कंपन्यांना संकर करायचा असेल तर त्यांनी दोन्ही पालकांत जनुक घालून दाखवावे. अट घालण्याचा हक्क सरकारी संशोधन संस्थेला आहे, आणि अळीचे जीवशास्त्र जाणणाऱ्या माणसांकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणखी एक. क्रॉपसॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पात, २००९ पासून दर आठवड्याला गावोगावच्या वावरांतून किडींच्या नोंदी होतात. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा सल्ला निघतो. या नोंदी गावनिहाय, वर्षनिहाय सगळ्यांना पाहायला खुल्या करा. कोणत्या गावात पऱ्हाटी डिसेंबरात उपटली आणि पुढच्या जुलैत पतंग कमी झाले का, हे त्या आकड्यांतून आम्ही स्वतः दाखवू शकू. गावाला पटवायला तेवढे पुरते. शेतावरच्या ज्या चाचण्या फसल्या त्यांचेही निकाल छापा. सरळ वाण माझ्या शेजारच्या तालुक्यात फसला असेल, तर कोणत्या जमिनीत, किती पावसात फसला, हे मला पेरणीआधी कळायला हवे. फक्त यशस्वी प्रात्यक्षिकांचे फोटो पाहून आम्ही बियाणे निवडू शकत नाही.

येत्या संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत कापसाचा विषय निघेल, तेव्हा एवढे ठरवा. पुढच्या तीन हंगामांसाठी प्रत्येक सरळ वाणाचे पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित बी किती क्विंटल होणार आणि ते कोणत्या तालुक्यात मिळणार, याचा तक्ता जाहीर करा. प्रमाणित बियाणे घ्यायला आमचे शेतकरी गट तयार आहेत. आमच्या गटातले तिघे बीजोत्पादनासाठी विलगीकरण अंतर पाळून वावर द्यायलाही तयार आहेत. माझी दोन एकर मध्यम जमीन तीन वर्षांसाठी चाचणीला घ्या. एका एकरात तुमचा वाण तुमच्या पद्धतीने, दुसऱ्या एकरात बाजारातला संकर नेहमीच्या अंतरावर. बोंडे मी फोडीन, नोंदी मी ठेवीन, वेचणीचा हिशेब बायांसमोर होईल. वाण तुम्ही निवडा, फक्त बी मे महिन्याच्या आत द्या, कारण मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडे थांबायला वेळ नसतो.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कोरडवाहू कापूस उत्पादक